आतले तेवीस सूर

तिसरी पेटी वाजवून झाली तसे अण्णा खुर्चीवरून उठले आणि तडक दुकानाबाहेर निघून गेले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी हसून वेळ मारून नेली आणि मनातल्या मनात अण्णांच्या नावाने बोटं मोडली. माझे वडील मिरजेहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडला आले होते. त्यातले अडीच संपले होते, आणि त्या अडीच महिन्यांत हा माणूस एका जागी पाऊण तास बसलेला मी पाहिला नव्हता. आई गेल्यावर एकटे पडले म्हणून मीच हट्टाने बोलावून घेतलं होतं. आले ते घरभर येरझाऱ्या घालायला. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजत चढायचे आणि मोजत उतरायचे.

ही २००९ सालची गोष्ट. मी तेव्हा क्लेअर काउंटीतल्या एका नर्सिंग होममध्ये नर्स होते, नवरा डब्लिनला कामाला असायचा आणि पंधरा दिवसांनी यायचा. आमची अनू तेरा वर्षांची होती आणि बटणांचं अकॉर्डियन वाजवायला शिकत होती. तिकडचे लोक त्याला नुसतं 'बॉक्स' म्हणतात, आपण हार्मोनियमला पेटी म्हणतो तसंच. आमच्याही घरात त्याचं नाव पेटीच पडलं. तिची शिक्षिका नोरा हेहिर सत्तरीची होती. तिच्याकडची एक जुनी पेटी ती नव्या पोरांना शिकायला द्यायची, आणि पोर जरा तयार झालं की परत घेऊन पुढच्याला द्यायची. अनूची पाळी संपली होती. महिन्याअखेर काउंटीची स्पर्धा होती, तिच्या आत अनूला स्वतःची पेटी हवी होती, आणि त्यासाठी आम्ही एनिस गावातल्या त्या दुकानात आलो होतो.

मी बाहेर गेले. अण्णा भिंतीला पाठ लावून उभे होते.

"काय झालं?"

"दोन सूर भांडतायत आत," ते म्हणाले. "एकेका बटणात भांडतायत. सूर न लावताच विकायला ठेवल्यात की काय?"

मी म्हटलं, बरं, बघू. आणि आत गेले.

अण्णांचं नाव दानिएल आवळे, पण मिरजेत त्यांना सगळे दानूमास्तर म्हणायचे. हार्मोनियमचे सूर लावणं हा त्यांचा पंचेचाळीस वर्षांचा उद्योग. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, आमच्या चर्चच्या पेट्या त्यांच्या हाताखालून जायच्या. पेटीत एकेका स्वराला धातूची दोन पाती असतात. दोन्ही अगदी एकसारखी लागली तर स्वर सरळ येतो, आणि त्यातलं एक जरी केसभर चढं असलं तर स्वरात लहर उठते. ती लहर मारण्यात अण्णांचा जन्म गेला होता. त्यामुळे दुकानात त्यांना काय झालं ते मला कळायला हवं होतं. पण मला त्या दिवशी फक्त त्यांचा राग आला होता.

अनूची निवड तिन्हींतून दोनांवर आली होती. एक काळी पेटी, एक तपकिरी. दोन्हींत तेवीस बटणं, दोन रांगांत. आपल्या हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर एक रांग पांढरी सातची, दुसरी पांढरी एकची. बटण तेच, पण भाता दाबला की एक स्वर आणि ओढला की दुसरा. अनू एकदा ही वाजवायची, एकदा ती, आणि रडकुंडीला यायची. शेवटी दुकानदार म्हणाला की दोन्ही घरी न्या, आठवडाभर वाजवा आणि पुढच्या शनिवारी एक परत आणा. कागद नाही, सही नाही. नोराची शिष्या म्हटल्यावर तेवढं पुरेसं होतं.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. अनू शाळेतून आली की दोन्ही पेट्या आळीपाळीने. एक गत हिच्यावर, तीच गत तिच्यावर. मला दोन्हींतला फरक कळेना. अण्णा आपले घरभर फिरत. स्वयंपाकघरात जायचे, चहा करायचे, कपात ओतताना काठाशी बोट बुडवायचे. मी नर्स, मला ते बघवत नसे. बोट कशाला बुडवता म्हणून मी रोज बोलायची. सकाळचं स्तोत्र ते पुस्तक न उघडता पाठ म्हणायचे, त्यावरूनही मी एकदा त्यांना चिडवलं होतं की देवाला पाठांतर दाखवताय का. तेव्हा ते हसले होते.

बुधवारी मी ड्यूटीवरून येऊन सोफ्यावर आडवी झाले होते. अण्णा तिसऱ्यांदा येऊन उभे राहिले. त्या काळ्या पेटीचं भांडण थोडं आहे, ती सुधारता येईल, दुकानवाल्याला सांग, असं काहीतरी म्हणत होते. माझे डोळे मिटत होते.

"बघा तुम्हीच काय ते, अण्णा," मी म्हटलं आणि कूस वळवली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी घरी आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर काळ्या पेटीचं पोट उघडं पडलं होतं. भाता एकीकडे, बटणांची बाजू दुसरीकडे, आणि आतल्या पात्यांचे लाकडी ठोकळे वर्तमानपत्रावर मांडलेले. करवतीच्या तुकड्यापासून अण्णांनी तरुणपणी स्वतः केलेली घासायची पट्टी शेजारी पडली होती. अण्णा दोन्ही हात टेबलावर ठेवून नुसते बसले होते. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच असं स्वस्थ बसलेलं पाहत होते, पण ते लक्षात यायला माझं डोकं ठिकाणावर कुठे होतं.

"हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस, बघा तुम्हीच." ते शांतपणे म्हणाले. "बाहेरची पाती झाली, दाबल्यावर वाजणारी. आतली राहिलीत, ओढल्यावर वाजणारी."

मी ती पेटी कशी जोडली मला आठवत नाही. जोडताना माझं तोंड चालूच होतं. ही दुसऱ्याची वस्तू आहे, परवा परत करायची आहे, लोकांनी विश्वासाने दिली आहे, पोरीची स्पर्धा आहे, सगळं बोलून झालं. अण्णा ऐकत होते. त्यांनी उलट बोलावं म्हणून की काय, मी अजून पुढे गेले.

"मिरजेत आता कुणी पेटी आणत नाही तुमच्याकडे, म्हणून हिच्यावर हात साफ केलात?"

त्यावर त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं. मग उठले आणि पायऱ्या मोजत वर गेले.

अनू साडेतीनला आली. तिने काळी पेटी गळ्यात अडकवली, दोन ओळी वाजवल्या आणि थांबली. भाता दाबला की स्वर सरळ यायचा, काठीसारखा. ओढला की थरथरत यायचा. या पेटीवर कुठलीही गत वाजवायची तर हात सारखा दाबतो आणि ओढतो. त्यामुळे एक स्वर सरळ, एक थरथरता, पुन्हा सरळ, पुन्हा थरथरता. अनू रडली नाही. तिने विचारलं, "आजोबांना तू ओरडलीस?"

पाचला तिचा नोराकडे तास होता. मी पेटी घेऊन तिच्याबरोबर गेले. जे ऐकायचं ते नोराच्या तोंडूनच ऐकू, असं मनाशी ठरवलं होतं. नोराने पेटी मांडीवर घेतली आणि बराच वेळ वाजवत राहिली. मग एकच बटण धरून दाबलं, ओढलं, दाबलं, ओढलं.

तिने मला समजावून सांगितलं की ही लहर मुद्दाम ठेवलेली असते. पूर्वी घराघरांत नाच व्हायचे, तिथे माइक नव्हते. दहा जणांच्या पायांच्या आवाजावर पेटी ऐकू यावी म्हणून दोन पात्यांतलं एक किंचित चढं ठेवायचे, आणि तोच आवाज पुढे लोकांच्या कानात बसला. काहींना तो आवडतो, काहींना सरळ आवाज लागतो. तिच्या स्वतःच्या गुरूला लहर सहन व्हायची नाही. म्हणजे अण्णांनी पेटी बिघडवली नव्हती. त्यांनी ती दुसरीच पेटी करायला घेतली होती.

"कुणी केलं हे?" नोराने विचारलं.

"माझ्या वडिलांनी."

"फार मोठ्या माणसाचं काम आहे. पण अर्धंच झालंय. का थांबले ते?"

"मी थांबवलं," मी म्हटलं.

नोरा म्हणाली की अशी पेटी स्पर्धेत नेली तर परीक्षकाला वाटेल दोन माणसं वाजवतायत, आणि अशी परत तर नेताच येणार नाही. दुकानदाराशी ती बोलेल. मी मात्र घरी जाऊन वडिलांना काम पुरं करायला लावावं.

घरी आले तर अण्णांची बॅग पलंगावर उघडी होती. लवकरचं तिकीट मिळतं का बघ, म्हणाले. माफी मागायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. मी पेटी त्यांच्यासमोर ठेवली, नोरा काय म्हणाली ते सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "उद्या मी सुट्टी घेते. तुम्ही आतली पाती करा. मी मध्ये येणार नाही."

"माझ्याच्यानं होणार नाही."

"रागावू नका अण्णा. मी बोलायला नको होतं."

"राग नाही गं, माला." त्यांनी पेटीवर हात फिरवला. "बाहेरचं पातं बोटाला लागतं. ते मी बोटानं केलं. आतलं पातं चामड्याच्या पट्टीखाली असतं, ती उचलायची आणि फटीतून आत बघायचं. तू आलीस तेव्हा तासभर तसाच बसलो होतो. मला दिसत नाही, माला."

मी त्यांच्या डोळ्यांपुढे हात धरला. सवयीने धरला, रोज पेशंटपुढे धरते तसा. डावा डोळा हललाच नाही.

"मिरजेत लोक पेटी आणत नाहीत असं नाही," ते म्हणाले. "आणतात. मीच घेत नाही. गेल्या वर्षी चर्चच्या पेटीचं एक पातं मोडलं माझ्या हातानं. त्यानंतर घेतली नाही."

पायऱ्या मोजणं, कपातलं बोट, मिटलेलं पुस्तक, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. परक्या म्हाताऱ्यांची नजर कमी झालेली मी दारातून आत येतानाच ओळखायची. माझ्या घरात अडीच महिने एक माणूस चाचपडत होता आणि मी त्याला बोट बुडवू नका म्हणून रागवत होते. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. अण्णांना ते दिसलं नसेल, पण ऐकू गेलं असणार. त्यांनी बॅगेचं झाकण मिटलं.

शुक्रवारी अनू शाळेत गेल्यावर आम्ही दोघं टेबलाशी बसलो. पट्टी माझ्या हातात होती. दहा वर्षांची असताना मी त्यांच्या दुकानात जाऊन म्हटलं होतं की मलाही सूर लावायला शिकवा. तेव्हा त्यांच्याकडे दोन मुलं शिकायला होती. तुला काय करायचंय, घरी जा, आईला मदत कर, असं ते म्हणाले होते, आणि ते माझ्या मनात इतकी वर्षं कुसळासारखं रुतून राहिलं होतं. त्या सकाळी मात्र ते स्वतःच सांगू लागले.

"चामडं उचल. पातं आकड्यानं वर घे. मुळाशी घास. टोकाला नको, टोकाला घासलं की सूर चढतो. आपल्याला उतरवायचाय."

"किती?"

"दोनदा. हलक्या हातानं."

घासायचं, ठोकळा बसवायचा, भाता ओढायचा, ऐकायचं, पुन्हा उघडायचं. अण्णा माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. स्वर आला की त्यांचं एक बोट हवेत वर यायचं. बोट वर असेपर्यंत घासायचं. मग ते म्हणायचे, "थांब." बाकी काही नाही. पहिल्या चार पात्यांत मला काहीच कळलं नाही. पाचव्याला ती लहर मला ऐकू आली. आधी भरभर, मग सावकाश, मग इतकी सावकाश की दोन श्वासांत एकदा, आणि मग नाहीच. अण्णांनी थांब म्हणायच्या आत माझा हात थांबला होता. त्यांनी मान वळवली.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "आधी शिकवायला पाहिजे होतं."

मी शिरा शोधून सुया टोचणारी बाई, माझा हात चांगलाच आहे. पण ते त्यांच्या तोंडून ऐकायला मला बेचाळीस वर्षं लागली. तेविसावं पातं झालं तेव्हा अनू शाळेतून येऊन दारात उभी होती. आम्ही दोघांनी जेवणसुद्धा केलं नव्हतं.

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. मी सगळं खरं सांगितलं. नोराचा फोन आलेला होताच. दुकानदाराने काळी पेटी वाजवली, भुवया उंचावल्या, पुन्हा वाजवली आणि म्हणाला, ही परत दिलीत तरी माझी हरकत नाही, हिला गिऱ्हाईक मिळेल. मग अनूसमोर दोन्ही ठेवल्या. या वेळी अण्णा खुर्चीवरून उठले नाहीत.

अनूने काळी वाजवली. तपकिरी वाजवली. पुन्हा काळी घेतली, आणि मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना की तिला काय पाहिजे. अण्णांना कळलं.

"अनू," ते म्हणाले, "तपकिरी घे."

"आजोबा, पण तुम्ही काळी—"

"काळीवर तू गत संपवायला बघतेस. तपकिरीवर संपली तरी परत पहिल्यापासून सुरू करतेस. चार दिवस ऐकतोय मी. तुला ते भांडण आवडतं. आवडू दे. कान तुझा आहे."

अनू त्यांच्या गळ्यात पडली. तिने तपकिरी घेतली, आणि आजही तीच वाजवते. स्पर्धेत ती तिसरी आली. आता गॉलवेला राहते, आठवड्यातून दोनदा लोकांसाठी वाजवते, आणि तिच्या पेटीतले दोन सूर अजून सुखाने भांडतात.

काळी पेटी दुकानदाराने फळीवर ठेवायला उचलली तेव्हा मी म्हटलं, ती ठेवू नका, बांधून द्या. कुणासाठी, त्याने विचारलं. माझ्यासाठी, मी म्हटलं. मला एकही गत येत नव्हती. आजही धड येत नाही.

सोमवारी मी अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू होता. डावा गेलेला, उजव्यात थोडी नजर बाकी. मिरजेच्या डॉक्टरने त्यांना ते दोन वर्षांपूर्वीच सांगितलेलं होतं. मला का नाही कळवलं विचारलं, तर म्हणाले, तू नोकरी सोडून आली असतीस. उरलेले पाच-सहा दिवस ते राहिले. विमानतळावरून मी घरी आले आणि काळ्या पेटीचं खोकं उघडलं, तर आत फडक्यात गुंडाळलेली ती पट्टी होती.

पुढची पाच वर्षं रविवारी सकाळी मी फोन करायची. तब्येत, औषधं, चर्च एवढं झालं की अण्णा म्हणायचे, "पेटी घे." मी फोन टेबलावर ठेवायची आणि एकेक स्वर धरायची. ते मिरजेत बसून ऐकायचे. नववं ओढ. पुन्हा ओढ. किंचित चढलंय, पण राहू दे अजून. मी कधी चुकून त्यांच्या आधी बोलले की आठवं थरथरतंय, तर ते पुन्हा ओढायला लावायचे, मग म्हणायचे, होय, थरथरतंय.

२०१४ च्या डिसेंबरात ते गेले. मिरजेहून परत आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी सवयीने सकाळी पेटी काढली. पहिल्यापासून तेविसाव्यापर्यंत दाबले, मग ओढले. चौदावं थरथरत होतं. फोनकडे हात गेला आणि मागे आला. मी पेटी उघडली, चामडं उचललं, पातं आकड्याने वर घेतलं आणि मुळाशी दोनदा घासलं. जोडली, ओढली, ऐकली. पुन्हा उघडली. घरात थांब म्हणायला कुणी नव्हतं. लहर सावकाश झाली, अजून सावकाश झाली, आणि जिथे ती संपली तिथे माझा हात थांबला.